रायफलचा पट्टा, माझ्या दंडाच्या मापाने

माझी उंची १५२ सेंटीमीटर. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं बरंचसं त्यातूनच आलंय. तयार मिळणारा जवळजवळ प्रत्येक पट्टा सहा फुटी गड्याच्या अंगावर बेतलेला असतो. पूर्ण आखडला तरी माझ्या खांद्यावरून रायफल इतकी खाली लोंबते, की दस्त्याचं टोक गुडघ्याच्या मागे ठकठक लागत राहतं. पहिली दोन वर्षं मी हे निमूट सोसलं. रायफल जड, मी ठेंगणी, मग असंच व्हायचं, अशी समजूत. तिसऱ्या वर्षी एका लांबच्या चालीनंतर घरी आले, कात्री घेतली, पट्ट्याचा वीतभर तुकडा कापून टाकला आणि दाभणाने टाके घातले. ठेंगणी मी आजही आहे. गुडघा दुखायचा मात्र थांबला.

मी मूळची रेंजवरची. अकरा वर्षं ५० मीटरवर पॉइंट टू टू रायफल झाडली. तिथे पट्ट्याला एकच काम: पालथं पडल्यावर किंवा गुडघ्यावर बसल्यावर रायफल हाताशी बांधून धरायची. उभ्याने झाडताना तो वापरायला बंदीच. आंतरराष्ट्रीय नियमांत त्याची रुंदीसुद्धा बांधून दिलेली, ४० मिलिमीटरच्या वर नाही. लक्ष्यावरचं दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, शर्टाच्या बटणाएवढं. त्यात गोळीमागून गोळी घालायची तर पट्ट्याशिवाय भागत नाही. पण रेंजवर रायफल खांद्यावर टाकून कोणी चालत नाही. ती पेटीतून येते आणि पेटीतून जाते.

मग मैदानी स्पर्धांचा नाद लागला. दिवसभर चढउतारावर चालायचं, वाटेत दहा-बारा ठिकाणी लोखंडी पाट्या दिसतील तशा टिपायच्या, अंतर कोणी सांगत नाही आणि प्रत्येक ठिकाणी दीड-दोन मिनिटं मिळतात. इथे पट्टा सहा-सात तास रायफल वाहतो, आणि सगळी मिळून पंधरा-वीस मिनिटं ती स्थिर धरतो. दुकानात उभा असलेला माणूस फक्त वाहण्याचा विचार करतो, म्हणून मऊ गादीचा, रुंद, दिसायला भारी असा पट्टा घेऊन येतो. धरण्याचं काम त्याला पहिल्या पाटीसमोर, धाप लागलेली असताना आठवतं. माझं उलट झालं. धरणं येत होतं, वाहण्यात मार खाल्ला.

कशाचा घ्यावा

रुंदी आधी बघा. बाजारात २५ मिलिमीटर आणि सव्वा इंच, म्हणजे ३२ मिलिमीटर, ही दोन मापं सर्रास असतात. पट्टा रायफलला जोडणाऱ्या कड्याही त्याच मापात येतात, त्यामुळे पट्टा एका मापाचा आणि कडी दुसऱ्या मापाची असं करू नका. माझी रायफल दुर्बीण आणि गोळ्यांसकट ४.२ किलो भरते. एवढ्या वजनाला २५ मिलिमीटरचा पट्टा तासाभरात खांद्यात रुततो. ३२ पुरतो. त्याहून रुंद, पाच-सहा सेंटीमीटरची गादी असलेला पट्टा खांद्याला सुखाचा असतो, पण दंडाभोवती तो नीट बसत नाही. घडी पडते आणि ती घडी नेमकी नसेवर येते.

रबरी स्पंजाच्या, म्हणजे निओप्रीनच्या, पट्ट्याबद्दल माझं मत वाईट आहे. दुकानात खांद्यावर टाकला की लोण्यासारखा वाटतो. चालायला लागलात की प्रत्येक पावलाला रायफल वरखाली झुलते, आणि तीन तासांनी पाठ विचारते, हे काय चाललंय. ताणणाऱ्या पट्ट्याने रायफल घट्ट धरता येत नाही ते वेगळंच.

चामडं दंडावर सगळ्यात छान बसतं. कापडाला पकड घेतं, सरकत नाही, आणि चांगल्या प्रतीचं असेल तर ताणतही नाही. माझ्या रेंजच्या रायफलला अजून १९०७ नमुन्याचा पट्टा आहे. अमेरिकी सैन्याचा हा जुना घाट. एक लांब आणि एक आखूड अशा चामड्याच्या दोन पट्ट्या, मध्ये धातूची कडी, आणि पितळी आकड्या अडकवायला ओळीने भोकं. तो वापरणारे आपापल्या भोकांचे आकडे पाठ ठेवतात. माझं पालथं पडून पाचवं, गुडघ्यावर सातवं. पण तो अंगावर चढवायला निवांतपणा लागतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने त्याच्या जागी सरकत्या बकलचा सुती निवारीचा पट्टा आणला, त्यामागे ही अडचण होतीच. शिवाय चामड्याला ओल सोसत नाही. बुरशी येते. पितळ टेकतं तिथे हिरवा चिकट थर धरतो. तो खरवडू नका, फडक्याने पुसा. आणि तेल पाजताना हात आखडता ठेवा. मी एकदा प्रेमाने भरपूर तेल चोळलं. पट्टा इतका मऊ झाला, की भोकं लांबोडकी झाली आणि माझं पाचवं भोक कुठलं तेच कळेना.

सुती निवार पकडीला चामड्याच्या खालोखाल. भिजली की आखडते, ताठ होते, बकल अडकतं आणि वाळायला दोन दिवस घेते. नायलॉन कुजत नाही, स्वस्त असतं, झटपट वाळतं, पण गुळगुळीत जाकिटावरून सापासारखं खाली घसरतं. आणखी एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही: नायलॉन पाणी पितं आणि भिजल्यावर थोडं सैल पडतं. कोरड्यात दंडाभोवती घट्ट बसवलेला फास पावसात अंगठाभर ढिला झालेला मी पाहिला आहे. पॉलिस्टर त्या मानाने कमी ताणतं. मी आता मैदानासाठी दाट विणीचा पॉलिस्टरचा पट्टा वापरते, खांद्यावर येणाऱ्या भागाला आतून चामड्याची एक पट्टी शिवून. घेताना पट्ट्याची कड मानेच्या कातडीवर घासून बघा. तिथे टोचली तर दुपारपर्यंत कापेल.

वेल्क्रो असलेला पट्टा मी घेत नाही. शांत जागी तो सोडताना होणारा चर्रर्र आवाज दूरवर जातो, आणि चिखल भरला की तो धरतही नाही.

कड्या आणि स्टड, म्हणजे जिथे खरं फुटतं

पट्टा तुटलेला मी आजवर पाहिलेला नाही. निसटतं ते टोकाला, जिथे पट्ट्याची कडी रायफलवरच्या छोट्या खुंटीत, म्हणजे स्टडमध्ये, अडकते.

चौथी स्पर्धा होती. ओढा ओलांडताना रायफल उजव्या खांद्यावर, नळी वर. मागचा स्टड लाकडातून अलगद बाहेर आला, बाटलीचं बूच निघावं तसा. रायफल पाठीवरून घसरली आणि दुर्बिणीवर आपटून दगडात पडली. उरलेल्या सहा पाट्यांपैकी मी एकही टिपली नाही. घरी येऊन पाहिलं तर १०० मीटरवर गोळी वीतभर उजवीकडे. दोष कोणाचा? माझाच. पंधरा दिवस चालताना कुरकुर असा बारीक आवाज येत होता, आणि मी तो चामड्याचा समजून सोडून दिला होता. स्टड लाकडात फिरत होता आणि स्वतःचं भोक रुंद करत होता.

तेव्हापासून निघायच्या आदल्या रात्री एक सोपी परीक्षा घेते. रायफल रिकामी, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढलेला, खाली गादी. पट्टा दोन्ही हातांनी धरून रायफल गादीच्या वीतभर वर लटकवायची आणि दोन-तीन जोराचे हिसके द्यायचे. मग दोन्ही स्टड बोटांनी पिरगाळून बघायचे. फिरता कामा नये. पुढचा स्टड बहुतेक वेळा आतून नटने आवळलेला असतो, तिथे थ्रेडलॉकरचा, म्हणजे आटे पक्के धरणाऱ्या गोंदाचा, एक थेंब पुरतो. मागचा लाकडात पिळायच्या स्क्रूचा असतो. त्याचं भोक सैल झालं असेल तर नुसता घट्ट पिळून उपयोग नाही. भोकात इपॉक्सी भरून, पूर्ण वाळू देऊन, नव्याने बारीक भोक पाडून बसवावा लागतो.

स्टडला अडकणाऱ्या काढघाल कड्यांना एक बारीक दांडी असते आणि ती आपोआप उघडू नये म्हणून फिरवून खाली आणायची एक छोटी चकती असते. ती चकती खाली आणायला माणसं विसरतात. बटण दाबून दस्त्यातल्या खाचेत बसवायची दुसरी जात झटपट, पण तिच्यातल्या बारीक बेअरिंगच्या गोळ्यांमागे वाळूचा कण अडकला की ती बसल्यासारखी वाटते आणि बसलेली नसते. टक आवाज ऐकायचा, आणि तरीही तीनदा ओढून बघायचं. खाच घेताना पूर्ण गोल फिरणारी घेऊ नका, ठराविक अंशांनी अडणारी घ्या. नाहीतर दिवसाअखेर पट्ट्याला वेणीसारखे पीळ पडलेले असतात.

स्टड कुठे हवा हाही प्रश्न आहे. बहुतेक रायफलींना तो खालच्या बाजूला असतो. वर दुर्बीण चढली की रायफल डोक्याकडून जड होते आणि खांद्यावर पलटी मारते, दुर्बीण बरगडीत शिरते. जर्मन कार-९८-के रायफलचा पट्टा दस्त्याच्या आरपार खाचेतून आणि पुढे नळीच्या पट्टीच्या डाव्या बाजूला अडकायचा. त्यामुळे ती पाठीवर सपाट बसायची. रशियाच्या मोसिन-नागांत रायफलच्या दस्त्यातच आरपार खाचा होत्या आणि त्यातून चामड्याचे छोटे पट्टे ओवलेले असायचे, कुत्र्याच्या गळपट्ट्यासारखे. जुन्या लोकांनी हा विचार नीट केला होता. उजव्या हाताने झाडणाऱ्याने शक्य असेल तर मागची कडी दस्त्याच्या डाव्या बाजूला घ्यावी. दस्ता प्लॅस्टिकचा आणि आतून पोकळ असेल तर स्वतः भोक पाडायला जाऊ नका.

लोखंडी कडी दस्त्यावर आपटून होणारा आवाज बंद करायला सायकलच्या जुन्या ट्यूबचं दोन बोटं रुंद कडं कापून कडीवर चढवा. यापेक्षा चांगला उपाय मला अजून सापडलेला नाही.

माप

दोन मापं घ्यायची. रायफल रिकामी करून, ज्या जाकिटात चालणार तेच जाकीट घालून.

पहिलं चालण्याचं. रायफल खांद्यावर, नळी वर. पट्ट्यात अंगठा अडकवलेली मूठ छातीच्या वरच्या भागाशी यावी, दस्ता मांडीच्या मागे मध्यावर. त्याहून सैल असेल तर रायफल झुलते, फार आखूड असेल तर नळी डोक्याच्या वर दोन वीत जाते आणि प्रत्येक फांदीला नमस्कार घालत चालावं लागतं.

दुसरं धरण्याचं. हे प्रत्यक्ष पालथं पडूनच ठरतं, उभ्याने आरशात बघून नाही. ठरलं की त्या जागी खूण करा. मी चालण्याच्या मापावर लाल दोऱ्याचा एक टाका आणि धरण्याच्या मापावर दोऱ्याच्या दोन गाठी घातल्या आहेत. घाईत रंग बघायला वेळ नसतो, गाठी बोटाला लागतात. हिवाळ्यातल्या जाड जाकिटाचं माप वेगळं येतं, जवळपास तीन बोटांनी. त्याच्या तीन गाठी.

चालताना

आधी एक गोष्ट. पट्टा म्हणजे सेफ्टी नव्हे. रायफल खांद्यावर आहे तोवर चेंबर, म्हणजे नळीतली गोळी बसायची जागा, रिकामं, मग तुम्ही कितीही अनुभवी असा. खांद्यावरची रायफल तुमच्या डोळ्यांआड असते. तिच्या ट्रिगरमध्ये फांदी शिरली की जाकिटाची दोरी, ते तुम्हाला दिसत नाही.

उजव्या खांद्यामागे नळी वर, ही सवयीची पद्धत. पक्क्या वाटेवर उत्तम. दोन तोटे: पाऊस सरळ नळीत, आणि तुम्ही बुटाची नाडी बांधायला वाकलात की नळी पुढे येऊन पुढच्या माणसाच्या पाठीकडे बघते. वाकायचं नाही, गुडघे मोडून सरळ खाली बसायचं. ही सवय लागायला मला एक अख्खं वर्ष आणि आमच्या सरांच्या असंख्य ओरडण्या लागल्या.

डाव्या खांद्यावर नळी खाली, ट्रिगर पुढे. पावसात हीच बरी, आणि डावा हात आधीच पुढच्या लाकडावर असल्याने रायफल खांद्याला लागायला दीड सेकंद पुरतो. उंच माणसांना ही फार आवडते. माझ्या बाबतीत नळीचं टोक जमिनीपासून वीत-दीड वीतच उरतं. एकदा ओल्या शेताडीत गुडघ्यावर बसले, रायफल वर घेतली आणि सहज टोकाकडे नजर गेली, तर नळीत मातीची गोळी. बोटभरसुद्धा नव्हती. पण बुजलेल्या नळीतून गोळी झाडली तर नळी फुटते, आणि डावा हात तिथेच असतो. त्या पाटीवर मी शून्य घेतलं आणि रायफल रिकामी करून सळी घालून नळी साफ केली. आता नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावते. तोंडावर सपाट, एकच थर. आणि ठेंगण्या माणसांना माझं सांगणं, नळी खाली ही पद्धत डांबरी किंवा कातळी वाटेसाठीच ठेवा.

छातीवर आडवी रायफल चढावर दोन्ही हात जवळ ठेवते, पण रांगेत चालताना नळी शेजाऱ्याकडे वळते, तेव्हा एकट्यानेच चालत असाल तर. पाठीवर तिरकी घातली की दोन्ही हात मोकळे. कातळ चढताना याला पर्याय नाही. मात्र तिथून रायफल हातात यायला वेळ लागतो, आणि ती काढताना नळी स्वतःच्या मानेभोवती फिरते. चेंबर रिकामं हे मी पुन्हा सांगणार नाही.

एकाच जागी अडकणारा, मानेभोवतीचा एकटोकी पट्टा आखूड शस्त्रांसाठी ठीक. पूर्ण लांबीच्या रायफलला तो लावलात तर नळी चालताना नडगीवर घण घालते. तीन जागी अडकणारे, जास्तीच्या पट्ट्यांचे जाळे असलेले प्रकार मी दोनदा घेतले, दोनदा देऊन टाकले.

पाठपिशवी असेल तर पट्टा तिच्या खांदपट्ट्यावरून घसरतोच. मी पिशवीच्या उजव्या खांदपट्ट्यावर एक मोठं लाकडी बटण शिवलं आहे, रायफलचा पट्टा त्याच्या आतल्या बाजूला अडतो. बायथलॉनवाल्यांनी, म्हणजे बर्फावर स्की करत मध्ये नेमबाजी करणाऱ्यांनी, हा गुंता मुळातच सोडवून टाकलाय. त्यांची किमान साडेतीन किलोची रायफल दोन खांद्यांच्या साजावर पाठीशी बसते, पिशवीसारखी. झाडताना दंडावरचा पट्टा निराळाच, आकडीने रायफलला अडकवायचा. वाहायचं वेगळं, धरायचं वेगळं. मला ते फार पटतं, पण पाठीवर पाण्याची पिशवी असताना तो साज घालायला जागाच उरत नाही.

दाट झुडपात पट्टा हा शत्रू. तिथे रायफल हातात घ्या आणि पट्टा घडी घालून रबराने दस्त्याला बांधा. कुंपण ओलांडताना रायफल रिकामी करून, बोल्ट उघडून, आधी पलीकडे ठेवा आणि मग तुम्ही.

धरताना

यासाठीच हे सगळं लिहायला बसले. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या हिशेबाने सांगते.

तत्त्व साधं आहे. डाव्या दंडाला पट्ट्याचा फास, फासाचं दुसरं टोक रायफलच्या पुढच्या कडीला. डावं कोपर जमिनीवर टेकलं की दंड, कोपराखालचा हात आणि पट्टा मिळून एक त्रिकोण होतो. रायफलचं वजन हाडांवर जातं आणि पट्ट्याचा ताण दस्ता मागे खांद्यात दाबून ठेवतो. स्नायूंना काम उरत नाही. स्नायू थरथरतात, हाडं थरथरत नाहीत.

फास घालण्याआधी पट्ट्याला अर्धा पीळ द्या, म्हणजे तो हाताच्या मागच्या बाजूवर सपाट बसेल, कड टोचणार नाही. डावा हात फासातून आत घाला आणि फास वर ढकला, थेट काखेजवळ. दंडाच्या मध्यावर ठेवलात तर तो दोन मिनिटांत घसरतो आणि शिवाय तिथली धमनी दाबतो. मग सरकती कडी आवळा. आता हात पट्ट्याच्या बाहेरून फिरवून पुढच्या लाकडाखाली आणा. पट्टा मनगटाच्या मागच्या बाजूवरून जाईल. हात पुढच्या कडीला टेकेपर्यंत सरकवा. दस्ता उजव्या हाताने उचलून खांद्यात बसवा.

तो सहज बसला तर पट्टा सैल आहे. थोडा पुढे रेटून खांद्यात घालावा लागला तर बरोबर. दोन्ही हात लावूनही येत नसेल तर पट्टा थोडा सैल करा.

आता खरी परीक्षा. डाव्या हाताची बोटं उघडा. तळवा नुसता फळीसारखा ठेवा. रायफल जागची हलता कामा नये. नवख्यांची बोटं उघडली की नळी खाली जाते. म्हणजे ते अजून हाताने धरत होते, पट्टा शोभेला होता. दुसरी परीक्षा: डोळे मिटा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. दुर्बिणीतली फुली पाटीवरून सरकली असेल तर हाताने ओढून आणू नका. डावं कोपर तिथेच रोवून कंबर थोडी सरकवा. हाताने ओढून आणलेली फुली गोळी सुटताना परत आपल्या जागी जाते, आणि तुम्ही दुर्बिणीला शिव्या घालता.

फुली श्वासाशी संबंध नसताना लयीत टक टक उडत असेल तर ती तुमची नाडी आहे. फास आणखी वर घ्या, किंवा ताण थोडा कमी करा, किंवा बाही जाड करा. बोटांना मुंग्या आल्या तर मात्र ताबडतोब सोडा.

बसून झाडताना दोन्ही कोपरं गुडघ्यांच्या आतल्या उतारावर ठेवायची. कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर टेकवलं की ते गोटीसारखं घरंगळतं. गुडघ्यावर बसताना डावं कोपर गुडघ्याच्या थोडं पुढे. आणि उभ्याने? उभ्याने कोपराखाली काही नसतं, त्यामुळे त्रिकोणाला पायाच नाही. फास घालण्यात वेळ दवडू नका. तिथे मी घाईचा फास घेते: पट्टा चालण्याच्या मापावरच ठेवून डावा हात पट्टा आणि रायफल यांच्या मधून घालायचा, पट्टा दंडामागे घ्यायचा आणि हात फिरवून पुढचं लाकूड धरायचं. दोन सेकंदांचं काम. डावीउजवीकडची थरथर थोडी कमी होते, इतकंच. एखादं झाड किंवा खांब मिळाला तर त्यावर डावा तळवा टेकवून वर रायफल ठेवणं केव्हाही सरस. नळी मात्र कशावरही टेकवू नका, गोळी भलतीकडे जाते.

दीड मिनिटात सगळं उरकायचं असेल तर चिंग पट्ट्याचा विचार करा. अमेरिकी मरीन जेफ कूपर यांनी १९७६ मध्ये अ‍ॅरिझोनात गनसाइट ही नेमबाजीची शाळा काढली. त्यांनी या पट्ट्याचा खूप पुरस्कार केला. नाव एरिक चिंग यांच्यावरून. कल्पना अशी, की ट्रिगरच्या थोडं पुढे तिसरा स्टड असतो आणि तिथून एक आखूड पट्टी येऊन मुख्य पट्ट्यावर सरकते. मधल्या त्रिकोणात हात घातला की तीच पट्टी फास होते. माप बदलायचं नाही, बकल चाचपडायचं नाही. मी वेळ लावून बघितली: साध्या फासाला मला अठरा सेकंद, चिंगला चार. अडचण तिसऱ्या स्टडची. सगळ्या रायफलींना तिथे जागा नसते. माझ्या रायफलीला आहे, तरीही थंडीत जाड जाकिटावर मला साधा फासच जास्त घट्ट वाटतो.

एका गोष्टीने माझा पूर्ण हंगाम खाल्ला, ती सांगून टाकते. वाळूच्या पिशवीवर टेकवून १०० मीटरवर रायफल झिरो केली, म्हणजे फुली आणि गोळी एका जागी येतील अशी दुर्बीण जुळवली, गोळ्या नाण्याएवढ्या जागेत. स्पर्धेत फास घालून झाडलं की सगळ्या चार बोटं डावीकडे. मी ट्रिगर बदलला, दुर्बिणीचे स्क्रू आवळले, श्वासाला दोष दिला. शेवटी सरांनी रायफलच्या नळीखाली, लाकडाच्या फटीत कागदाची पट्टी घातली आणि मला फास ताणायला सांगितला. कागद अडकला. पुढचा भाग स्वस्त प्लॅस्टिकचा होता, पट्ट्याच्या ओढीने वाकून नळीला टेकत होता आणि तिला बाजूला रेटत होता. हे तुम्ही घरी दोन मिनिटांत तपासू शकता. कागद अडकला तर दस्ता बदलायचा, किंवा फट वाढवून घ्यायची, किंवा निदान जसं झाडणार तसंच, फास घालूनच झिरो करायचं. पट्ट्याची पुढची कडी थेट नळीवर बसवलेली असेल तर हा त्रास ठरलेलाच.

सराव घरी, रिकाम्या रायफलवर, गोळ्या दुसऱ्या खोलीत. मी आठवड्यातून तीन रात्री दहा वेळा उभ्यावरून पालथी पडते, फास घालते, भिंतीवरच्या टिकलीवर एक कोरडा ट्रिगर ओढते आणि उठते. कोपरं आधी सोलवटतात, मग निबर होतात.

भिजून परत आलात तर पट्टा रायफलवर ठेवून वाळवू नका. त्याची ओल कड्यांना आणि दस्त्याखालच्या लोखंडाला गंज चढवते. मी पट्टा काढून सावलीत, पंख्याखाली, सरळ लटकवते. चामडं असेल तर शेगडीजवळ मुळीच नाही, तडकतं. आणि कड्या निघालेल्याच असतात, तेव्हा मागचा स्टड बोटांनी फिरवून बघते. फिरला तर इपॉक्सी त्याच रात्री.